सिंथेटिक बायॉलॉजीत संशोधन करायचं तर पीएचडी, कंपनी की आधी आणखी काही?

प्रश्न दोघी मैत्रिणींचा आहे. एकीची जैवतंत्रज्ञानात एमएस्सी झाली आहे, दुसरी केमिकल इंजिनिअर. पेशीत जनुकं आपल्याला हवी तशी जुळवून तिच्याकडून नवं काम करून घेण्याच्या या क्षेत्रात दोघींना संशोधन करायचं आहे. पीएचडी करावी का, इंजिनिअरला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुणी घेईल का, आणि एकदा कंपनीत गेलं की विद्यापीठात परत येता येतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी स्वतः केमिकल इंजिनिअर. अठरा वर्षं याच कामात आहे, निम्मी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत गेली आणि निम्मी कंपन्यांत. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी विचारत नाही आणि बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. या क्षेत्रात टिकलेली माणसं मी आठवते तेव्हा त्यांच्या पदव्या एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. जुळते ती एक सवय, हातातली गोष्ट नीट मोजायची. पेशीने किती साखर खाल्ली, किती प्रथिन बनवलं, किती पेशींनी आपलं ऐकलं आणि किती पेशींनी ऐकलं नाही, हे आकड्यांत सांगता यायला हवं. आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने मोजलं तरी तोच आकडा यायला हवा.

या क्षेत्राची सुरुवात बहुतेक जण जानेवारी २००० मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात आलेल्या दोन शोधनिबंधांपासून धरतात. एकात टिमथी गार्डनर, चार्ल्स कँटर आणि जेम्स कॉलिन्स यांनी दोन जनुकांचं बटण बनवलं होतं, एकदा दाबलं की त्याच स्थितीत राहणारं. दुसरा निबंध मायकेल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लाइब्लर यांचा. एलोविट्झ यांनी हे काम प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्रातली पीएचडी करताना केलं. त्यांनी ई. कोलाय जिवाणूत तीन जनुकं अशी बसवली की पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं पुन्हा पहिल्याला. त्या चक्रामुळे जिवाणू लयीत उजळायचे आणि मंदावायचे.

सगळ्यांच्या लक्षात राहिली ती लय. मी विद्यार्थ्यांना त्याच निबंधातलं दुसरं निरीक्षण वाचायला लावते. ही लय सुमारे ४० टक्केच पेशींत दिसली होती, आणि एकाच पेशीपासून झालेल्या दोन पेशींचीसुद्धा लय काही काळाने एकमेकींपासून सुटत होती. जनुकं तीच, खाद्य तेच, तापमान तेच, तरी फरक. एलोविट्झ यांनी हा फरक झाकला नाही. त्यालाच पुढचा प्रश्न केलं. २००२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाच पेशीत दोन रंगांची चमकणारी प्रथिनं एकसारख्या प्रमोटरखाली (जनुक कधी आणि किती चालेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) ठेवली. दोन्ही रंग बरोबरच वरखाली झाले तर कारण पेशीभर पसरलेलं आहे. एक वर गेला आणि दुसरा खाली आला, तर कारण त्या जनुकाच्या वाचनातच असलेली यदृच्छा. किती साधी मांडणी! पण तिच्यामुळे जनुकांच्या ‘गोंगाटा’चा अभ्यास हे स्वतंत्र दालनच उघडलं. पुढे २०१६ मध्ये हार्वर्डमधल्या योहान पॉलसन यांच्या गटाने गोंगाट कुठून येतो ते शोधून त्याच तीन जनुकांच्या चक्रातले काही तुकडे काढले, काही बदलले, आणि ती लय कितीतरी पिढ्या नियमित चालवून दाखवली. पहिल्या वेळी फसलेले ६० टक्के कुणी मोजलेच नसते तर यातलं काहीच झालं नसतं.

मला हे उशिरा कळलं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ९६ खाचांच्या प्लेटमध्ये वेगवेगळे प्रमोटर तपासत होते. त्यातले चार-पाच फारच जोरदार निघाले. चार महिने मी त्यांच्यामागे होते, त्यांच्यासाठी नवे प्लाझ्मिड (जिवाणूत जनुक पोचवणारी डीएनएची छोटी वर्तुळं) बांधले, गाइडना आलेख दाखवले. मग प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञबाईंनी शांतपणे विचारलं, ‘हे सगळे कडेच्याच खाचांत कसे काय आहेत?’ कडेच्या खाचांतलं पाणी रात्रभरात जास्त उडतं, द्राव घट्ट होतो आणि आकडा फुगतो. नमुन्यांच्या जागा उलटसुलट करून पुन्हा मोजलं, तेव्हा ते प्रमोटर इतरांसारखेच निघाले. त्या बाईंची मी आजही ऋणी आहे. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती, आणि त्या खोलीतली सगळ्यात पक्की संशोधक त्याच होत्या.

मोजण्याची हीच शिस्त लावायला आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीतल्या विद्यार्थी स्पर्धेने २०१४ पासून एक मोहीम चालवली होती. अनेक देशांतल्या टीमनी तेच प्लाझ्मिड घेऊन त्यांची चमक मोजायची. प्रत्येक यंत्र आपापल्या मनमानी एककात आकडा देतं, त्यामुळे सुरुवातीला निकाल एकमेकांशी ताडताच येत नव्हते. मग ठरावीक मात्रेच्या फ्लुरेसिन या चमकणाऱ्या रंगाच्या द्रावाशी यंत्र जुळवून घ्यायचं ठरलं आणि आकडे एका भाषेत बोलू लागले. वयाच्या विशीत ज्यांनी हे केलं, त्यांच्या हाताला जे वळण लागलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

आता इंजिनिअर मैत्रिणीचा प्रश्न. घेतील, नक्की घेतील. हे क्षेत्रच बाहेरून आलेल्यांनी उभं केलं आहे. टॉम नाइट एमआयटीतले नावाजलेले संगणकतज्ज्ञ. नव्वदच्या दशकात ते जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले, संगणकाच्या प्रयोगशाळेतच जिवाणू वाढवायची सोय केली आणि २००३ मध्ये जनुकांचे तुकडे एका ठरावीक पद्धतीने जोडायची ‘बायोब्रिक’ रीत मांडली. ड्र्यू एंडी यांची पहिली पदवी सिव्हिल इंजिनिअरिंगची. फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी मेकॅनिकल आणि एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकून मग केमिकलमध्ये पीएचडी केली, आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) निर्देशित उत्क्रांतीसाठी, म्हणजे बदल करत आणि निवडत त्यांना हवं तसं घडवण्यासाठी, त्यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ही नावं वाचून एक गैरसमज होतो. ही माणसं इंजिनिअर राहून दुरून जीवशास्त्राला सल्ला देत नव्हती. त्यांनी पिपेट हातात घेतलं, कल्चर, म्हणजे वाढवलेल्या पेशींचा द्राव, मेलेलं पाहिलं आणि वर्षानुवर्षं शिकत राहिली.

इंजिनिअरला सगळ्यात जड जाते ती एक गोष्ट म्हणजे पेशीला स्वतःची गरज असते. पंप दुसऱ्या पाइपला जोडला तरी पंपच राहतो. जनुक दुसऱ्या जनुकाशेजारी ठेवलं की त्याचं वागणं बदलतं. शिवाय आपण लादलेलं काम पेशीला ओझं असतं. ज्या पेशीत चुकून ते जनुक बिघडतं तिचं ओझं उतरतं, ती जास्त वेगाने वाढते, आणि थोड्याच काळात कल्चरमध्ये अशाच पेशींचं राज्य होतं. एका पेशीपासून सुरुवात करून एक लाख लिटरची टाकी भरायची तर साधारण ५५ ते ६० पिढ्या लागतात. तेवढ्या पिढ्या तुमची रचना शाबूत राहील का, हा प्रश्न कागदावर आकृती काढताना सुचत नाही. उत्क्रांती हे पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण आहे असं मला वाटायचं. आता कळतं की ती माझ्या टाकीत रोज चालू असते.

एमएस्सी झालेल्या मैत्रिणीचं उणं दुसरीकडे आहे, आणि ते भरून काढणं तुलनेने सोपं आहे. क्लोनिंग, म्हणजे जनुकं कापून जोडणं, छान येतं, पण कार्बनचा हिशोब मांडता येत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन, त्यातले माझ्या पदार्थात जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, किती कार्बन डायऑक्साइड होऊन उडणार, किती पेशी स्वतःच्या वाढीला ठेवणार? हे अर्ध्या पानाचं गणित आधी केलं असतं तर मी पाहिलेले निदान तीन प्रकल्प सुरूच झाले नसते. संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका. पोट भरायला म्हणून नका शिकू, आपलाच निकाल योगायोगाने आला की खरा आहे हे स्वतःला कळावं म्हणून शिका.

दोघींनी एकत्र वाचावी अशी हकिकत आर्टेमिसिनिनची आहे, कारण तिच्यात शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर कुठे कुठे एकमेकांवर अवलंबून होते ते स्पष्ट दिसतं. मलेरियावरचं हे औषध आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीपासून मिळतं. बर्कलीमधले केमिकल इंजिनिअर जे कीसलिंग यांच्या गटाने २००३ मध्ये त्याच्या मार्गावरचा एक पूर्वपदार्थ ई. कोलायमध्ये बनवून दाखवला. २००६ मध्ये यीस्टने आर्टेमिसिनिक आम्ल बनवलं, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने तिथे गोष्ट संपली. प्रत्यक्षात कारखान्याला लागणारा आकडा कितीतरी दूर होता. २०१३ मध्ये लिटरला २५ ग्रॅम गाठले गेले, आणि तोवर सुमारे १५० मनुष्यवर्षांचं काम खर्ची पडलं होतं असा कीसलिंग यांचा अंदाज होता.

मधल्या वर्षांत काय झालं ते पाहा. यीस्टमध्ये मार्गाचा शेवटचा भाग अडत होता. त्या वनस्पतीतच आणखी काही विकर आहेत, एक डिहायड्रोजनेज आणि एक सायटोक्रोम, हे शोधून ते घातल्यावर वाट मोकळी झाली. हे काम वनस्पतीच्या मूलभूत जीवरसायनशास्त्राचं. त्याच्या जोडीला फर्मेंटर, म्हणजे पेशी वाढवायच्या टाक्या, चालवणाऱ्यांनी खाद्य कसं द्यायचं ते बदललं आणि टाकीत तेलासारखा एक थर घालून तयार होणारं आम्ल त्यात खेचून घेतलं. ते काम प्रक्रिया-इंजिनिअरांचं. आणि आम्लापासून औषधापर्यंतची शेवटची पायरी रसायनशास्त्रज्ञांनी सक्रिय ऑक्सिजनच्या साहाय्याने घातली. यातलं एकही काम दुसऱ्यापेक्षा कमी प्रतीचं नव्हतं. तरीही बोलताना फक्त जनुकं जोडणाऱ्यांचं नाव निघतं, याचं मला फार वाईट वाटतं. इंजिनिअर मैत्रिणीला मी आवर्जून सांगेन की जिवंत पेशी मोठ्या टाकीत नीट सांभाळू शकणारी माणसं या क्षेत्रात कायम कमी पडतात. फ्लास्कमध्ये भरपूर ऑक्सिजन मिळणारी पेशी मोठ्या टाकीत तळाशी गेली की गुदमरते, वर आली की श्वास घेते, आणि अशी मिनिटामिनिटाला हेलपाटत असते. ज्या कंपनीत मी पहिली पाच वर्षं काढली तिथे आमच्या यीस्टचं उत्पादन फ्लास्कमधून टाकीत गेल्यावर निम्म्याहून खाली आलं. जनुकं बदलून बदलून आम्ही थकलो होतो. अखेर टाकीतला ऑक्सिजन वेगवेगळ्या उंचीवर मोजल्यावर कारण सापडलं.

आर्टेमिसिनिनचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही, तोही सांगते. सनोफीने कारखान्यात उत्पादन सुरू केलं, पण वनस्पतीपासून मिळणाऱ्या आर्टेमिसिनिनचा भाव खाली आला आणि काही वर्षांतच ते उत्पादन थांबलं. विज्ञान खरं ठरलं तरी बाजार दुसऱ्या कारणांनी चालतो.

आता पीएचडी. स्वतःचा प्रश्न ठरवून त्यामागे पाच वर्षं जायची ओढ असेल तर करा. दुसऱ्याने ठरवलेला प्रश्न उत्तम रीतीने सोडवायला आवडत असेल तर पीएचडीशिवायही या क्षेत्रात सन्मानाचं काम आहे. स्वयंचलित प्रयोगयंत्रणा उभारणं, फर्मेंटेशन, माहितीचं विश्लेषण, जैवसुरक्षा, पेटंट, कितीतरी वाटा आहेत. पण कंपन्यांमध्ये संशोधनाची दिशा ठरवणाऱ्या जागांवर आजही बहुतेक पीएचडी झालेलेच असतात. हे योग्य आहे असं मला वाटत नाही, पण तसं आहे. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद, मात्र सवयीने करू नका. स्वतःची प्रयोगशाळा हवी असेल किंवा अगदी वेगळं तंत्र शिकायचं असेल तरच करा.

गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा मी दोन गोष्टी बघते. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी गाइडच्या गैरहजेरीत बोला आणि विचारा, एखादा निकाल पुन्हा आला नाही तेव्हा इथे काय होतं? उत्तर देणारा चाचरला तर समजून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे वह्या. प्रत्येकाची नोंदवही कोण तपासतं, फ्रीझरमधल्या कुप्यांची यादी आहे का, वर्षभरापूर्वीचा एखादा प्लाझ्मिड पाच मिनिटांत सापडतो का? हा आग्रह मी का धरते ते सांगते. नोबेल मिळाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, २०१९ मध्ये, अरनॉल्ड यांच्या गटाचा एक निबंध ‘सायन्स’मध्ये आला. त्यातले निकाल पुन्हा मिळेनात, आणि नोंदवहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी आणि मूळ आकडे सापडले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये अरनॉल्ड यांनी स्वतः जाहीरपणे तो निबंध मागे घेतल्याचं सांगितलं आणि आपण कामात फार गुंतलो होतो, नीट लक्ष दिलं नाही म्हणून माफी मागितली. जगातल्या सर्वोत्तम प्रयोगशाळांपैकी एकीत हे घडू शकतं. आणि नोबेल मिळालेली व्यक्ती ते असं उघडपणे बोलू शकते. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर त्यानंतर वाढला.

अशा शिस्तीची गरज किती बारीक असते त्याचा एक दाखला. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१० मध्ये दहा लाखांहून जास्त अक्षरांचा जिनोम, म्हणजे पेशीचा संपूर्ण डीएनए, रासायनिक रीतीने बनवून एका जिवाणूत चालवून दाखवला. त्याआधी बरेच आठवडे काहीच चालत नव्हतं. कारण निघालं एक गळालेलं अक्षर, तेही डीएनएची प्रत काढायला लागणाऱ्या अत्यावश्यक जनुकातलं. त्याच गटाने २०१६ मध्ये छाटून छाटून ४७३ जनुकांवर जगणारी पेशी बनवली, आणि त्यातल्या १४९ जनुकांचं काम काय हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. जगायला लागणारी जनुकं, आणि त्यांतल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाची ओळखच नाही. एमएस्सी झालेल्या मैत्रिणीला वाटत असेल की आता सगळं इंजिनिअरिंगच उरलं आहे आणि शुद्ध जीवशास्त्राला काम नाही, तर तिने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

कंपन्यांबद्दल. या क्षेत्रात पैसा लाटेसारखा येतो आणि तसाच ओसरतो. झायमर्जेन ही याच क्षेत्रातली कंपनी एप्रिल २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने सांगितलं की त्या वर्षी उत्पादनांतून कमाई होणार नाही, आणि पुढच्या वर्षी ती जिंक्गो बायोवर्क्सने विकत घेतली. आर्टेमिसिनिनवर काम केलेली अमायरिस ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. तिथे काम करणारी माणसं हुशार होती, कष्टाळू होती. म्हणून नोकरी घेताना कंपनीच्या स्वप्नाकडे पाहू नका असं मी म्हणणार नाही, स्वप्नाशिवाय कोण कशाला जाईल. पण मुलाखतीत विचारा की तुमचा पदार्थ आज लिटरला किती ग्रॅम मिळतो, किती वेगाने, आणि साखरेतला किती हिस्सा त्यात जातो. गुपित म्हणून नेमका आकडा देणार नाहीत, ते ठीक आहे. तिन्ही आकडे त्यांना स्वतःला ठाऊक आहेत का, हे उत्तराच्या सुरावरून कळतं. कंपनी बुडाली तरी तिथे शिकलेलं फर्मेंटेशन, बसवलेली मोजमापाची घडी आणि लिहिलेला कोड तुमच्याबरोबर येतो.

परत विद्यापीठात येता येतं का? येतं, मी आले. पण अवघड गेलं, कारण कंपन्यांतल्या नऊ वर्षांत माझ्या नावावर फक्त दोन निबंध होते. बाकीचं काम गुप्ततेच्या करारात अडकलेलं. विशेषतः काय चाललं नाही याची अमूल्य माहिती कंपन्यांच्या कपाटांत कायमची पडून राहते, पुढची माणसं त्याच खड्ड्यात पुन्हा पडतात, आणि हे या क्षेत्राचं मोठं नुकसान आहे असं मी मनापासून मानते. परतीची वाट ठेवायची असेल तर नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ठरवून घ्या की पद्धतींविषयीचं काही काम प्रसिद्ध करता येईल का. मोजण्याच्या नव्या रीती, नमुने जुळवायचे कोड, अशा गोष्टींना कंपन्या सहसा हरकत घेत नाहीत. मला विद्यापीठात परत घेतलं गेलं ते अशाच एका मोजमापाच्या निबंधामुळे.

तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता हे तर फारच चांगलं आहे. येत्या सहा महिन्यांत ज्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळेल तिथे एक माहितीतला प्रमोटर घ्या, त्याच्यापुढे चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक ठेवा. एकीने कल्चर वाढवायचं, दुसरीने यंत्र फ्लुरेसिनशी जुळवायचं, आणि पुढच्या वेळी कामं बदलायची. तीन वेगवेगळ्या दिवशी, नमुन्यांच्या जागा बदलून, प्रत्येक वेळी निदान तीन स्वतंत्र वसाहतींपासून (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) सुरुवात करून मोजा. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर का, ते शोधा, आणि सापडलेलं कारण तारखेसह वहीत लिहा. मग गाइडना पत्र लिहायला घ्या, आणि तुमच्या आवडीनिवडींच्या आधी, पहिल्याच परिच्छेदात, हे आकडे आणि ते का जुळत नव्हते ते सांगा.